तापमान कशाचं?

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी सहाला मुलाने मला हलवून उठवलं. म्हणाला, "बाबा, आपला कॉम्प्युटर खोलीपेक्षा थंड आहे."

चेन्नईत मे महिन्यात सकाळी सहा वाजता कुठलीच वस्तू खोलीपेक्षा थंड नसते, फ्रिजमधली सोडून. भिंतीवरचा थर्मामीटर ३१ दाखवत होता. पंखा फुल्ल स्पीडवर, उशी घामाने ओली. उठून पाहिलं, तर स्क्रीनवर चार कोअरचे चार आकडे होते : २५, २३, ३४, २६. खाली कुठल्याशा पाचव्या सेन्सरचा आकडा होता १२७. म्हणजे एकाच डब्यात एका कोपऱ्यात महाबळेश्वर आणि दुसऱ्या कोपऱ्यात उकळत्या पाण्याहून गरम काहीतरी. वर त्याची तक्रार अशी, की गेले दोन आठवडे गेम रंगात आला की मशीन आपोआप बंद पडतं. "पण बघा ना, तापमान तर किती कमी आहे!"

त्याच्या त्या "पण बघा ना" वरून मला एक जुनी गोष्ट आठवली. ती पुढे सांगतो. आधी डोंगराची गोष्ट.

आमचं क्वार्टर सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी आहे. तमिळ लोक त्याला परंगिमलै म्हणतात, म्हणजे फिरंग्यांचा डोंगर. डोंगर कसला, टेकडीच, जेमतेम तीनशे फुटांची. सिंहगडावर पिट्टू घेऊन चढलेल्या खडकवासल्याच्या माणसाला हे चढणं म्हणजे जेवणानंतरची शतपावली. वर पोर्तुगीजांनी बांधलेलं चर्च आहे, समोर विमानतळाची धावपट्टी दिसते, आणि आवारात विल्यम लॅम्बटन नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याचा अर्धपुतळा आहे. येणारे-जाणारे त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मी मात्र जाता-येता मनातल्या मनात सॅल्यूट ठोकतो. साम्राज्यासाठी नव्हे हं. नकाशा वाचून ज्यांची पोटं भरतात, त्यांनी नकाशा काढणाऱ्याला मान द्यावा एवढंच.

लॅम्बटन ३३व्या पायदळ रेजिमेंटचा. १७९९ साली टिपूवरच्या मोहिमेत श्रीरंगपट्टणला होता. तिथली एक हकीकत प्रसिद्ध आहे. जनरल बेअर्डची तुकडी रात्री निघाली होती. लॅम्बटनने आकाशाकडे पाहिलं आणि बेअर्डला सांगितलं, की आपण दक्षिणेला नाही, उत्तरेला चाललोय, म्हणजे थेट टिपूच्या अंगावर. बेअर्डने आधी ते उडवून लावलं. मग होकायंत्र काढून पाहिलं, तर ताऱ्यांचंच म्हणणं खरं निघालं. नाइट नॅव्हिगेशनमध्ये वाट चुकलेल्या प्रत्येक कॅडेटला ही गोष्ट आवडते, कारण तीत चूक जनरलची असते.

लढाई संपल्यावर या गृहस्थाने मद्रास सरकारपुढे प्रस्ताव मांडला : दक्षिण हिंदुस्थान समुद्रापासून समुद्रापर्यंत त्रिकोणांनी मोजून काढायचा. त्रिकोणाचे कोन दुर्बिणीने मोजता येतात, पण एक तरी बाजू जमिनीवर प्रत्यक्ष मोजावीच लागते. तिला बेसलाइन म्हणतात. ती चुकली की पुढचं सगळं चुकलं. १० एप्रिल १८०२ रोजी या मोजणीला सुरुवात झाली. उत्तरेचं टोक आमच्या या माउंटपाशी, दक्षिणेचं पेरुंबाक्कमच्या टेकडीपाशी. मधलं अंतर साडेसात मैल. आज त्या पट्ट्यात वेळचेरी, मेडवाक्कम, अपार्टमेंटच्या रांगा आणि पळ्ळिकरणैचा उरलासुरला पाणथळ भाग आहे, आणि थोडं पलीकडे आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती.

मोजायला होती पोलादी साखळी. शंभर फूट लांब, अडीच-अडीच फुटांच्या चाळीस दांड्यांची, लंडनच्या रॅम्सडेनने घडवलेली. तिची कूळकथा ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील मॅकार्टनी १७९३ मध्ये चीनच्या बादशहाकडे गेला, तेव्हा नजराण्यातल्या यंत्रांमध्ये ही साखळीही होती. बादशहाला तिचं काही कौतुक वाटलं नाही. ती डिनविडी नावाच्या शास्त्रज्ञाबरोबर कलकत्त्याला आली आणि तिथून लॅम्बटनकडे. लंडनच्या केरीने बनवलेलं अर्ध्या टनाचं थिओडोलाइट तर आणखी नशीबवान. ते घेऊन येणारं जहाज फ्रेंचांनी पकडलं आणि मॉरिशसला नेलं. पण तिथल्या फ्रेंच गव्हर्नरने पेट्यांत काय आहे ते पाहून यंत्र सन्मानाने मद्रासला पाठवून दिलं. शत्रूचं असं सौजन्य आता फक्त मेसमधल्या गप्पांत उरलंय. (पुढे १८०८ मध्ये हेच यंत्र तंजावरच्या मोठ्या मंदिराच्या शिखरावर चढवताना आपटलं आणि त्याचा चुराडा झाला. तंजावरला तेव्हा आपले सरफोजीराजे होते. लॅम्बटनने ते स्वतःच्या हातांनी ठोकून-ठाकून पुन्हा कामाला लावलं. वर्कशॉपला इंडेंट पाठवून सहा महिने वाट पाहिली नाही.)

तर साखळी. ऐन एप्रिल-मे मध्ये मद्रासच्या उन्हात पोलादाची साखळी जमिनीवर पसरायची म्हणजे काय होणार? ती लांब होणार. एक अंश फॅरनहाइट वाढला, की शंभर फुटांची पोलादी साखळी इंचाच्या शंभराव्या भागाच्या पाऊणपट लांब होते. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट. पण साडेसात मैलांत ती साखळी चारशे वेळा टाकायची आहे. चारशेने गुणा : एका अंशाला तीन इंच. आता समजा पहाटे ८० अंश फॅरनहाइट आहे आणि दुपारी १००. तर तीच जमीन दुपारी मोजली की पाच फूट कमी भरते. जमीन जागच्या जागी आहे, साखळी तीच आहे, मोजणारे प्रामाणिक आहेत, आणि तरी पाच फूट गायब.

म्हणून लॅम्बटनने साखळी जमिनीवर टाकलीच नाही. तिवयांवर लाकडी पन्हळी एका रेषेत मांडल्या, त्यांत साखळी ठेवली, टोकाला वजन लावून ती ठरावीक ताणाखाली आणली, आणि पन्हळींत थर्मामीटर ठेवले. प्रत्येक वेळी साखळी टाकली की थर्मामीटर वाचायचे, नोंद करायची, आणि शेवटी सगळं अंतर ६२ अंश फॅरनहाइटवर आणून सांगायचं. ६२ फॅरनहाइट म्हणजे साधारण साडेसोळा सेल्सिअस. मद्रासला हे तापमान माणसाला भेटत नाही. तरी दक्षिण हिंदुस्थानाच्या मोजणीचा पहिला आकडा त्या न भेटणाऱ्या तापमानाचा आहे. पुढे इंग्लंडहून दुसरी साखळी आली, ती प्रमाण म्हणून बाजूला ठेवली आणि कामाची साखळी तिच्याशी ताडून पाहायची पद्धत ठेवली. शस्त्रागारात मास्टर गेज जपतात ना, तसं.

याचं फळ काय? १८०४ मध्ये बंगळूरजवळ दुसरी बेसलाइन मोजली. मद्रासच्या बेसलाइनवरून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत आणलेलं गणित आणि प्रत्यक्ष मोजणी यांत फरक आला चार इंचांहून कमी. मधलं अंतर जवळजवळ तीनशे किलोमीटर. म्हणजे सगळ्या चुका मिळून साखळीच्या एका अंशाच्या हिशेबाएवढ्या! काम पश्चिम किनाऱ्याला पोचलं, तेव्हा कळलं की द्वीपकल्पाची रुंदी जुन्या नकाशांत दाखवत तशी चारशे मैल नसून तीनशे साठच्या आसपास आहे. चाळीस मैल जमीन केवळ कागदावरून नाहीशी झाली.

पण लॅम्बटनच्या पद्धतीत एक फट होती. सर्व्हेच्या इतिहासात मला सगळ्यांत मोलाची वाटते ती हीच. त्याचे थर्मामीटर तापमान सांगत होते ते पन्हळीतल्या हवेचं. लांब होत होतं पोलाद. सकाळी ऊन वर आलं की हवा आधी तापते आणि पोलाद मागून. ढग आला की हवा पटकन निवते, पोलाद रेंगाळतं. आकडा खरा, पण तो हवा असलेल्या वस्तूचा नव्हे, तिच्या शेजाऱ्याचा.

लॅम्बटननंतर आलेल्या एव्हरेस्टने (हो, शिखरवाला तोच) यावर उपाय म्हणून कर्नल कोल्बीच्या पट्ट्या आणल्या. लोखंड आणि पितळ यांच्या दहा फुटी पट्ट्या शेजारी-शेजारी, मध्ये जोडलेल्या. पितळ जास्त पसरतं, लोखंड कमी. दोन्ही टोकांना आडव्या जिभा अशा बसवलेल्या, की दोन धातूंच्या पसरण्यातला फरकच जिभेवरच्या ठिपक्याला जागच्या जागी धरून ठेवतो. थर्मामीटर वाचायचीच गरज नाही! निदान कल्पना तरी तशी. १८३१-३२ मध्ये कलकत्त्याच्या बेसलाइनला त्या वापरल्या. पण पितळ आणि लोखंड सारख्याच वेगाने तापत-निवत नाहीत, हे दुखणं तिथेही होतंच. उष्णता कुणाला सोडत नाही.

आता कॉम्प्युटरकडे येतो. मुलगा एव्हाना कंटाळून इडली खायला गेला होता.

आधी सोपं कोडं, १२७ चं. सात बिटांत मावणारा सगळ्यांत मोठा आकडा १२७. मदरबोर्डवर सेन्सर जोडण्याची जागा आहे, पण तिला सेन्सरच जोडलेला नाही, अशा वेळी चिप तोंडाला येईल ते टोक सांगते. सेक्शनमध्ये नसलेल्या जवानाची हजेरी लावण्यासारखं आहे हे. सोडून द्यायचं.

कठीण कोडं २३ चं. पंखा लावलेला प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा गार होऊ शकत नाही. पंखा खोलीचीच हवा त्याच्यावर फेकतो, त्यामुळे तो फार तर खोलीएवढा निवेल. माठातलं पाणी हवेहून गार होतं, कारण माठ पाझरतो आणि ओल वाळताना उष्णता घेऊन जाते. प्रोसेसर पाझरत नाही. म्हणजे २३ हा आकडा खोटा, यात वाद नाही. प्रश्न एवढाच, की खोटा का.

वाचत गेलो तर कळलं, की आमच्या मशीनमधल्या इंटेलच्या प्रोसेसरचा आतला सेन्सर मुळात तापमान सांगतच नाही. तो सांगतो, धोक्याची रेघ अजून किती अंश दूर आहे. ती कमाल मर्यादा, समजा, १०० अंश. सेन्सर म्हणतो 'सत्त्याहत्तर बाकी'. स्क्रीनवरचं सॉफ्टवेअर शंभरातून सत्त्याहत्तर वजा करतं आणि २३ छापतं. आणि हा सेन्सर जुळवलेला असतो तो रेघेजवळ अचूक राहावा म्हणून, कारण त्याचं काम चिप जळू न देणं हे आहे. रेघेपासून जितकं दूर जाल, तितका तो ढिला पडतो. चार शेजारी कोअर चार वेगळे आकडे सांगतात, तेही यातूनच. शिवाय सॉफ्टवेअरने त्या मॉडेलची मर्यादा चुकीची धरली असेल, तर सगळेच आकडे एकदम वर किंवा खाली सरकतात. एएमडीने २०१७ मध्ये आपल्या काही रायझन प्रोसेसरमध्ये, पंख्यांचं नियंत्रण एकसारखं राहावं म्हणून, दाखवल्या जाणाऱ्या आकड्यात मुद्दाम २० अंश मिसळले होते. लोकांनी घाबरून कूलर बदलले म्हणे.

थोडक्यात, चिप निवांत असताना तिने सांगितलेलं तापमान म्हणजे रिकाम्या मैदानावरच्या संत्र्याने दिलेला 'सब ठीक' रिपोर्ट. ती अडचणीत आल्यावर सांगते ते खरं.

कोविडच्या काळात घेतलेला कपाळावर धरायचा थर्मामीटर घरात होता. म्हटलं, याने ताडून पाहू. चकचकीत ॲल्युमिनियमच्या कूलरवर धरला तर 'लो' म्हणाला. ते यंत्र कपाळासाठी, आणि चकचकीत धातू स्वतःची उष्णता फारशी दाखवत नाही, भोवतालचीच परत फेकतो. पत्नी म्हणाली, "आधी त्याच्या कपाळाला हळद-कुंकू लावा." गंमत म्हणजे उपाय तोच आहे : धातूवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवायची आणि टेपचं तापमान मोजायचं. पण त्यालाही कपाळाचा नव्हे, वस्तूंचा थर्मामीटर लागतो.

आता ती जुनी गोष्ट.

बरीच वर्षं झाली. ठिकाण लिहीत नाही. मी कंपनी कमांडर होतो. जून महिना, पाऊस टेकलेला पण पडत नव्हता. सकाळी सव्वासहाला कंपनी रायफल आणि पॅकसह धावायला काढायची होती. सुभेदार साहेब म्हणाले, "साब, आज हवा में कुछ अच्छा नहीं लग रहा." मी ऑफिसच्या व्हरांड्यातला थर्मामीटर पाहिला. २९. ठीकच की. आम्ही निघालो.

आठव्या किलोमीटरला एक पोरगा पडला. सातारा जिल्ह्यातला, वय २२, कंपनीतला चांगला धावपटू. पडण्याआधी तो वेड्यासारखं बोलत होता आणि त्याचा घाम थांबला होता, असं बाजूचा जवान नंतर म्हणाला. कुणी पाणी ओतलं, कुणी वारा घातला. गाडी यायला वेळ लागला. हॉस्पिटलात त्याचं तापमान ४१ च्या वर होतं. जगला. पण मूत्रपिंडांवर परिणाम झाला, मेडिकल कॅटेगरी खाली आली, आणि दोन वर्षांनी तो घरी गेला. चौकशीत मला विचारलं गेलं, त्या सकाळी तापमान किती होतं. मी सांगितलं, २९. नोंद झाली. तो आकडा खरा होता.

पण तापमान कशाचं? सावलीतल्या, वाऱ्याच्या व्हरांड्यातल्या कोरड्या पाऱ्याचं. जवानाच्या अंगाचं नव्हे. माणसाचं शरीर माठासारखं आहे, घाम वाळला तर निवतं. विदर्भातल्या मे महिन्यात माठ छान गार होतो, चेन्नईत त्याच माठाचं पाणी कोमट राहतं, कारण हवा आधीच भिजलेली असते आणि ओल वाळतच नाही. त्या सकाळी हवा भिजलेली होती. सुभेदार साहेबांच्या कातडीला कळलं होतं ते माझ्या थर्मामीटरला कळत नव्हतं, आणि मी आकड्यावर विश्वास ठेवला.

यावरचं उत्तर तेव्हाही जुनंच होतं. अमेरिकन मरीन कोअरच्या पॅरिस आयलंड या प्रशिक्षण केंद्रात १९५० च्या दशकात उन्हाने रिक्रूट पडत होते. तिथल्या अभ्यासातून याग्लू आणि मिनार्ड यांनी १९५७ मध्ये एक निर्देशांक मांडला. त्यात तीन थर्मामीटर असतात. एकाच्या पाऱ्यावर ओली वात, उघड्या हवेत, म्हणजे आपला माठच. दुसरा काळ्या रंगाच्या तांब्याच्या पोकळ गोळ्यात, तो ऊन पितो. तिसरा साधा, सावलीतला. बेरीज करताना ओल्याला सत्तर टक्के वजन, काळ्या गोळ्याला वीस, आणि माझ्या व्हरांड्यातल्या साध्या थर्मामीटरला फक्त दहा. मी दहा टक्के पाहून शंभर टक्के निर्णय घेतला होता.

चेन्नईकरांना हा धडा रोज मिळतो, फक्त ते त्याला हवामान म्हणतात. बातम्यांत शहराची दोन तापमानं येतात, नुंगंबाक्कमचं आणि मीनंबाक्कमचं. एक समुद्राजवळ, दुसरं आत विमानतळावर. समुद्राकडचा वारा दुपारी लवकर आला की नुंगंबाक्कम आधी निवतं. नुंगंबाक्कमची वेधशाळा १७९२ ची, हवामानाच्या नोंदी १७९६ पासूनच्या. तिथला ग्रॅनाइटचा जुना खांब अजून उभा आहे, त्यावर लॅटिनबरोबर तमिळ आणि तेलुगूतही लेख कोरलेले आहेत. लॅम्बटनचा सहकारी वॉरन, त्याच्याच ३३व्या रेजिमेंटचा, काही वर्षं या वेधशाळेचा कारभार पाहत होता. आता इथे रोज सकाळी मी तिन्ही आकडे मागवतो आणि मैदानावरचे मागवतो, विमानतळावरचे नाहीत. आकडे आल्यावर एखाद्या जुन्या उस्तादाला, "काय वाटतं?" असंही विचारतो.

त्या रविवारी दुपारी मुलाला म्हटलं, निवांत असतानाचे आकडे विसर. गेम लाव आणि मला आकडे वाचून दाखव. तो वाचत गेला : "एकसष्ट... अठ्ठ्याऐंशी... शंभर, बाबा, शंभर!" वीस सेकंदही लागले नव्हते. मशीन बंद करून डबा उघडला. कूलर बोर्डवर चार प्लॅस्टिकच्या खिट्ट्यांनी बसतो, त्यातली एक निसटलेली होती. कूलर एका बाजूने उचललेला आणि खालची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. बदलीच्या सामानात ट्रकमधून आलेलं मशीन ते, रस्त्यात केव्हातरी निसटली असणार. सोमवारी संध्याकाळी रिची स्ट्रीटला गेलो. त्या गल्लीत कॉम्प्युटरचं सुईपासून तोफेपर्यंत सगळं मिळतं. पेस्टची एक छोटी ट्यूब आणली. मुलाने स्पिरिटने चिप पुसली, तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावली, चारही खिट्ट्या 'टक्' वाजेपर्यंत दाबल्या. आता गेम चालू असताना आकडा सत्तरच्या आसपास राहतो. निवांत असताना एक कोअर अजूनही २६ म्हणतं. म्हणू दे.

लॅम्बटनचं शेवटचं सांगायचं राहिलं. १८१८ मध्ये त्याच्या कामाला ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळालं. माणूस सत्तरीला आला, छातीचं दुखणं घेऊनही चालत राहिला. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी वाटेतच वारला, आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. तिथेच त्याचं थडगं आहे. नागपूर-हैदराबाद रस्त्याने आपण हिंगणघाटवरून किती वेळा गेलो असू, चहालाही थांबलो असू. येत्या सुट्टीत मुलाला घेऊन तिथे जायचं ठरवलंय. त्याने आत्ताच विचारून ठेवलंय, की डिसेंबरात तिथे तापमान किती असतं. मी त्याला उलट विचारलं, "कशाचं?"